दहावा माणूस

आमच्या संघात क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू जवळपास कधीच येत नाही. अमेरिकन फुटबॉल ज्यांनी फक्त टीव्हीवर पाहिलाय, त्यांना हे वाक्य लिहिताना माझी काहीतरी गडबड झाली असं वाटेल. टीव्हीवरचा क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा धनी. चेंडू आधी त्याच्याकडे, निर्णय त्याचा, जाहिराती त्याच्या. आमचा क्वार्टरबॅक पुढच्या फळीतल्या गार्डच्या मागे यार्डभर अंतरावर, गुडघ्यांवर हात टेकून उभा असतो. सेंटरने, म्हणजे फळीत चेंडूवर वाकून डाव सुरू करणाऱ्याने, मागे फेकलेला चेंडू त्याच्या शेजारून निघून जातो. याने फक्त सुसाट पुढे जायचं आणि समोरच्या फळीच्या टोकाला जो कोणी उभा असेल त्याला खांद्याने बाहेर रेटायचं. आम्ही त्याला क्वार्टरबॅक म्हणतही नाही, ब्लॉकिंग बॅक म्हणतो.

या रचनेचं नाव सिंगल विंग. वय शंभरावर. आता ती खेळणाऱ्या शाळा सगळ्या अमेरिकेत मिळून थोड्याच उरल्यात. मिशिगनच्या पार उत्तरेकडची मेनॉमिनी, व्हर्जिनियाच्या डोंगरातली जाइल्स, अशी काही नावं या वर्तुळात आदराने घेतली जातात. आमच्या शाळेचं नाव कोणी घेत नाही, आणि ते ठीकच आहे. पेन्सिल्वेनियात, सस्क्वेहाना नदीच्या खोऱ्यात छोटंसं गाव आहे, तिथल्या हायस्कूलमध्ये मी बीजगणित आणि भूमिती शिकवतो. इकडे खेळाचे कोच बहुतेक शाळेतलेच शिक्षक असतात. आमचे हेड कोच सुतारकाम शिकवतात, त्यांची कार्यशाळा माझ्या वर्गाच्या बरोबर खाली. एका ऑगस्टमध्ये ते जिना चढून वर आले आणि म्हणाले, "तुला मोजता येतं ना?" मला वाटलं लाकूड मोजायचंय. त्यांना माणसं मोजणारा हवा होता.

हिशेब साधा आहे. दोन्हीकडे अकरा-अकरा. नेहमीच्या रचनेत क्वार्टरबॅक सेंटरच्या पाठीशी उभा राहून चेंडू घेतो आणि धावणाऱ्याच्या पोटाशी देतो. दिला की हा मोकळा. पुढे काय होतंय ते बघत राहतो. म्हणजे धावणारा एक, बघणारा एक, अडवणारे नऊ, आणि समोर अकरा. सिंगल विंगमध्ये चेंडू थेट धावणाऱ्याकडे येतो, त्यामुळे बघणारा कोणी उरतच नाही. अडवणारे दहा होतात. या दहाव्या माणसासाठी सगळा खटाटोप. त्यात फळीही एकीकडे जड लावायची: सेंटरच्या डावीकडे दोघं, उजवीकडे चौघं, आणि त्या चौघांच्याही पलीकडे, पाऊलभर मागे, विंगबॅक. समोरच्याने आपली माणसं मधोमध वाटून उभी केली, तर उजवीकडे आमची संख्या जास्त. त्याने शहाणपणाने माणसं तिकडे सरकवली, तर आम्ही डावीकडून उलटे निघतो.

हे कालबाह्य आहे म्हणणाऱ्यांना मी २१ सप्टेंबर २००८ ची आठवण करून देतो. आदल्या मोसमात पंधरा सामने हरून एकच जिंकलेला मायामी डॉल्फिन्स हा संघ न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या घरी गेला. त्यांनी अधूनमधून क्वार्टरबॅकला कडेला पाठवून चेंडू थेट रॉनी ब्राउन या धावणाऱ्याकडे फेकला आणि सामना ३८–१३ ने जिंकला. ब्राउनने स्वतः चार टचडाउन केले, म्हणजे चार वेळा चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला, आणि पाचवं फेकून करवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे 'वाइल्डकॅट' नावाच्या नव्या शोधाची चर्चा. त्यातला हिशेब आमच्या सुतारमास्तरांच्या फळ्यावर आधीपासून होता. आज जे मोठे संघ पळणारा क्वार्टरबॅक बाळगतात, तेही याच दहाव्या माणसाच्या मागे आहेत. फक्त नाव नवं आणि पगार मोठे.

आमचा मुख्य डाव एकच, ऑफ-टॅकल. उजवीकडच्या फळीतून जाणारा. विंगबॅक आणि फळीच्या टोकाचा एंड दोघं मिळून समोरच्या टॅकलला, म्हणजे टोकाच्या आतल्या माणसाला, आत दाबतात. ब्लॉकिंग बॅक टोकाच्या माणसाला बाहेर ढकलतो. या दोन ढकलण्यांच्या मध्ये एक फट पडते, दाराएवढी. डावीकडचा गार्ड आपली जागा सोडून फळीच्या मागून पळत येतो आणि त्या फटीतून सगळ्यांत आधी आत शिरतो. त्याच्या पाठीवर हात ठेवता येईल इतक्या जवळून टेलबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा. सगळं मिळून तीन-साडेतीन सेकंद.

या गार्डच्या पहिल्या पावलावर आम्ही जितका वेळ घालवतो, तितका बाकी कशावरच नाही. उजवा पाय उघडून मागे टाकायचा, त्याच वेळी उजवं कोपर कमरेमागे झटकायचं, म्हणजे धड आपोआप वळतं. दुसरं पाऊल लांब. वर उठायचं नाही. पंधरा-सोळा वर्षांचा नव्वद किलोचा मुलगा वाकलेल्या अवस्थेत आडवा पळतोय हे दृश्य सुरुवातीला फार केविलवाणं असतं. सगळ्यांची खोड एकच: पळता पळता मान वळवून चेंडू कुठाय ते बघायचं. बघितलं की धड उठतं, धड उठलं की अर्धं पाऊल उशीर होतो, आणि तेवढ्यात फट बुजते. हेड कोच आरडाओरडा करत नाहीत. शिटी वाजवतात, मुलाजवळ जातात आणि विचारतात, "कुठे होता चेंडू?" मुलगा सांगतो. "छान. आता तुझा माणूस कुठे होता?" मुलाला ते सांगता येत नाही. पुन्हा.

आणि खरंच पुन्हा पुन्हा. ऑगस्टच्या उकाड्यात पहिले तीन दिवस नियमानेच फक्त उष्णतेची सवय लावून घ्यायची असते, पूर्ण पॅड चढवता येत नाहीत. त्या दिवसांतही आमची मुलं चड्डी-बनियनवर हेच पाऊल टाकत असतात. शेजारच्या शाळेकडे जाडजूड पुस्तकाएवढे डाव आहेत म्हणे. आमचे सगळे एका कागदावर मावतात. मला गणिताचा शिक्षक म्हणून याचं नवल वाटत नाही. सातवी-आठवीत अपूर्णांक पक्के झालेलं पोर पुढे कुठेही अडत नाही. आणि ज्याला अपूर्णांक येत नाहीत, त्याला कॅल्क्युलसची सूत्रं पाठ करायला लावणारे पालक मला दर वर्षी भेटतात.

पालकांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. फेकाफेकी न करणारा संघ पालकांना आवडत नाही. एकदा वाण्याच्या दुकानाबाहेर, गाडीत सामान ठेवता ठेवता, एका वडिलांनी मला गाठलं. मुलाचा हात चांगला आहे, पन्नास यार्ड फेकतो, उन्हाळ्यात पैसे भरून त्याला खास प्रशिक्षण दिलंय, आणि इथे तुम्ही त्याला धडका मारायला लावता. कॉलेजवाले काय बघणार? त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभर मुलांतली दहाही कॉलेजात खेळत नाहीत, हे आकडे त्यांना सांगून उपयोग नव्हता, कारण प्रत्येक बापाच्या डोळ्यांपुढे त्या दहांतलाच एक असतो. मी एवढंच म्हणालो की आमच्याकडे तीसेक मुलं आहेत, त्यातली अर्धीअधिक दोन्हीकडून खेळतात, आक्रमणातही आणि बचावातही. समोरच्या शाळेकडे आमच्या दुप्पट मुलं. आम्ही चेंडू फेकत बसलो आणि तो खाली पडला, की घड्याळ थांबतं. थांबलेलं घड्याळ दमलेल्या संघाच्या विरोधात असतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे असतात. दर वेळी साडेतीन निघाले तर तिसऱ्यातच काम होतं आणि चौथा शिल्लक राहतो. बारा मिनिटांच्या क्वार्टरमधली आठ मिनिटं चेंडू आमच्याकडे राहिला, तर त्यांचा तो सोन्याचा हात बाकावर बसून पाणी पीत असतो. वडिलांनी ऐकून घेतलं. मुलगा आज आमचा टेलबॅक आहे; अधूनमधून फेकतोही, आणि नऊ जण धावेसाठी दाटीवाटीने पुढे आलेले असल्यामुळे मागे कोणी नसतंच.

समोरच्या कोचची अडचण मला सगळ्यांत जास्त आवडते, हे कबूल करायला हरकत नाही. त्याच्या हातात सोमवार ते बुधवार असतात. त्याच्या मुलांना गार्डकडे बघून खेळायला शिकवलेलं. इथे गार्ड भलतीकडेच पळतात. चेंडू कोणाकडे गेला ते दिसत नाही, कारण मागे दोघं उभे, फुलबॅक आणि टेलबॅक, आणि स्नॅप, म्हणजे सेंटरची ती मागची फेक, दोघांपैकी कोणालाही जाऊ शकतो. त्यातून आमचा स्पिनर. फुलबॅक चेंडू घेतो आणि जागच्या जागी पूर्ण गिरकी घेतो. गिरकीत एकदा टेलबॅकला दिल्यासारखं करतो, एकदा विंगबॅकला, आणि कधी खरंच देतो, कधी स्वतःच घुसतो. सरावाला हे सगळं हुबेहूब करून दाखवायला त्यांच्या राखीव मुलांना तीन दिवस पुरत नाहीत. आणि एकच यार्ड हवा असेल तेव्हा वेज: सातही जण सेंटरकडे पाऊल टाकून खांद्याला खांदा भिडवतात आणि फुलबॅक त्यांच्या मागून चालू लागतो. मी सांगलीकडचा, कॉलेजात कबड्डी खेळलेला. पहिल्यांदा वेज पाहिला तेव्हा मला आमची साखळी आठवली, फक्त ही साखळी पुढे चालत होती.

मधल्या काळात ही रचना का मोडली, ते समजून घेण्यासारखं आहे. ८ डिसेंबर १९४० ला वॉशिंग्टनमध्ये व्यावसायिक लीगचा अंतिम सामना झाला. शिकागो बेअर्सने टी रचना, म्हणजे क्वार्टरबॅकने सेंटरच्या पाठीशी उभं राहून चेंडू घ्यायची रचना, खेळून घरच्या संघाला ७३–० असं धुतलं. त्यानंतर टी घेण्यासाठी रांगच लागली. अडून बसले ते आमचे पिट्सबर्ग स्टीलर्स. १९५२ पर्यंत लीगमध्ये सगळे गेले तरी हे सिंगल विंगवरच. हट्टाला घराण्याचं कारण होतं: त्यांचे १९४६–४७ चे कोच जॉक सदरलँड हे पिट्सबर्ग विद्यापीठात ग्लेन 'पॉप' वॉर्नरच्या हाताखाली खेळलेले. आणि सिंगल विंग वॉर्नरची.

वॉर्नरने ती घडवली कार्लाइलला. ते गाव आमच्यापासून गाडीने तासाभरावर. १८७९ ते १९१८ तिथल्या लष्करी बराकींत एक निवासी शाळा होती. देशभरातल्या मूळ अमेरिकी जमातींची मुलं आईबापांपासून तोडून तिथे आणली जात, केस कापले जात, भाषा बंद केली जाई. तिथल्या संघात वॉर्नरने बुटक्या, हलक्या पण चपळ मुलांना घेऊन ही रचना बसवली. ९ नोव्हेंबर १९१२ ला ही मुलं वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत लष्कराच्या संघाविरुद्ध उतरली आणि २७–६ ने जिंकली. लष्कराच्या बाजूने खेळणाऱ्यांत आयझेनहॉवर होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. कार्लाइलकडून जिम थॉर्प, त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोमला ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं जिंकून आलेला. वूंडेड नीला अमेरिकी सैन्याने केलेल्या मूळ अमेरिकी लोकांच्या कत्तलीला तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती. खेळाडूंच्या वडील-आजोबांच्या पिढीने याच सैन्याच्या गोळ्या पाहिलेल्या.

ही गोष्ट इथे नेहमी विजयाची म्हणून सांगितली जाते, आणि सामन्यापुरती ती तशी आहेही. पण १९१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशीत याच खेळाडूंनी वॉर्नरच्या शिव्यांबद्दल, त्याच्या वागण्याबद्दल आणि फुटबॉलच्या पैशांबद्दल तक्रारी केल्या. वर्षभरात वॉर्नर पिट्सबर्गला निघून गेला आणि तिथेही जिंकत राहिला. थॉर्पची पदकं १९१३ मध्येच काढून घेतली होती, कारण त्याने पूर्वी थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळला होता. ती परत द्यायला १९८२ उजाडलं, तेही दुसऱ्याबरोबर वाटून. पूर्णपणे त्याच्या नावावर २०२२ मध्ये झाली. कार्लाइलच्या बराकींत आज लष्कराचं वॉर कॉलेज आहे. कडेला शाळेत मेलेल्या मुलांचं कबरस्तान आहे, पांढऱ्या दगडांच्या सरळ रांगा. २०१७ पासून त्यातली काही मुलं उकरून, सन्मानाने, आपापल्या जमातींकडे परत पाठवली जातायत.

मी दर मोसमात नवीन मुलांना एक तास हे सांगतो. हेड कोचना आधी ते फारसं पटलं नव्हतं. मुलं खेळायला आलीयत, त्यांच्यावर कशाला ओझं, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, जो डाव आपण रोज खेळतो तो कोणाच्या खांद्यांवर घासून तयार झाला हे त्या वयात कळायला हरकत नाही. मुलं ऐकतात. प्रश्न मात्र बहुतेक थॉर्प शंभर मीटर किती सेकंदांत धावायचा यावर असतात.

आता सेंटर. या रचनेतली सगळ्यांत अवघड जागा तीच. आमचा यंदाचा सेंटर अकरावीतला, धिप्पाड, अबोल. शाळेच्या बँडमध्ये तुबा वाजवतो. मध्यंतरात बाकीचे आत जाऊन संत्री खातात तेव्हा हा पॅड घातलेल्या अवस्थेतच तुबा गळ्यात अडकवून मैदानात कवायत करतो. लहान शाळांत हे चालतं. त्याचा स्नॅप पाहण्यासारखा असतो. चेंडू जोरात येत नाही, तरंगत येतो, जवळजवळ न फिरता, आणि टेलबॅक जिथे आहे तिथे येत नाही तर तो जिथे असणार आहे तिथे येतो, उजव्या गुडघ्याच्या जरा पुढे. टेलबॅकला थांबावं लागत नाही.

जुन्या पद्धतीत सेंटर डोकं खाली घालून, दोन पायांमधून मागे बघत चेंडू फेकायचा. नेमका जायचा. पण चेंडू सुटला त्या क्षणी त्याचं डोकं खाली असतं आणि समोरचा मुलगा त्याच्यावर आदळलेला असतो. स्टीलर्सचा माइक वेब्स्टर सेंटरच होता. २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. पिट्सबर्गच्या शवागारात डॉ. बेनेट ओमालूंनी त्याचा मेंदू तपासला, आणि वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदू कसा झिजतो हा विषय तिथून फुटबॉलवाल्यांच्या मानगुटीवर बसला. चक्कर येऊन पडण्याइतके मोठे मार दिसतात, त्यांची नोंद होते, मुलगा बाहेर बसतो. डॉक्टरांना आता जास्त काळजी वाटते ती दर डावात फळीतल्या मुलांना बसणाऱ्या बारीक धक्क्यांची, जे कोणाला जाणवतही नाहीत. आणि धावेवर चालणारा संघ म्हणजे असे धक्के रोजचे.

म्हणून न बघता स्नॅप, असा आग्रह मी धरला. मान वर, नजर समोर, चेंडू हाताच्या सवयीने मागे. हेड कोच म्हणाले, चेंडू डोक्यावरून गेला तर? मी म्हणालो, जाईल कधी कधी. दोन आठवडे वाद चालला, शेवटी त्यांनी स्वतः कार्यशाळेत एक लाकडी चौकट ठोकली, मध्ये जुनं टायर लटकवलं, आणि सेंटर रोज सरावाआधी त्यात चेंडू टाकत बसला. मोसमात काही स्नॅप वाया जातात अजून. मला चालतं. डोक्याऐवजी खांद्याने भिडायला शिकवतो, आठवड्यातले धडकांचे दिवस कमी केलेत. एवढ्याने भागतं का? माझ्या मुलीने धावण्याचा संघ निवडला तेव्हा मला हायसं वाटलं होतं, यातच काय ते उत्तर आलं. तरीही ऑगस्ट आला की मी मैदानावर असतो. याचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

गणपती नेमके याच दिवसांत येतात. शुक्रवारी रात्री ओरडून घसा बसलेला, आणि शनिवारी हॅरिसबर्गच्या मित्राकडे आरतीला उभा राहिलो की 'सुखकर्ता' ओठातल्या ओठात. मित्राची आई दर वर्षी हळद-दूध देते आणि विचारते, "मुलं जिंकली का रे?" आजवर या गावात सामन्याबद्दल मला इतका नेमका प्रश्न कोणी विचारलेला नाही. बाकीचे विचारतात, किती टचडाउन केले कोणी.

कारण नोंदवहीत रकाने तेवढेच आहेत: कोण किती यार्ड धावला, कोणी किती फेकलं, कोणी पकडलं. अडवणाऱ्यांसाठी रकानाच नाही. म्हणून शनिवारी सकाळी मी चित्रफीत लावतो आणि प्रत्येक डाव अकरा वेळा बघतो, दर वेळी एकाच मुलावर नजर ठेवून. पाऊल बरोबर, अधिक. माणूस चुकला, उणे. शिटी वाजेपर्यंत पाय चालू, आणखी एक अधिक. हे गुणदान बरेच कोच करतात, माझा काही शोध नाही. सोमवारी हा कागद कपाटांच्या खोलीत दारावर लागतो. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं कोणी बघणार नाही. आता फळीतली मुलं माझ्या आधी येऊन दार अडवून उभी असतात, आणि भांडतात. "के सर, तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी त्याला सोडलं नव्हतं, तो माझ्यावरून पडला." मग आम्ही पुन्हा चित्रफीत लावतो. पुष्कळदा मुलाचंच बरोबर निघतं आणि मी उणे खोडून अधिक करतो.

गेल्या शुक्रवारी टेलबॅकचं एक टचडाउन चव्वेचाळीस यार्डांचं झालं, गावातल्या पेपरात त्याचा फोटो आला. चित्रफितीत मी ब्लॉकिंग बॅकवर नजर ठेवली होती. पोरगं जेमतेम पंचाहत्तर किलोचं. त्याने टोकाच्या माणसाला बाहेर काढलं, तोल गेला, एका हातावर सावरला, उठून वीस यार्ड पुढे पळाला आणि शेवटच्या बचाववाल्याच्या आडवा झाला. एका डावात दोन माणसं. त्याच्या नावापुढे दोन अधिक टाकायचे की तीन, यावर हेड कोचशी फोनवर बोलणं झालं. त्यांनी तीन सांगितले. मी अडीच लिहिले, कारण पहिल्या पावलाला तो उठला होता.

पुढचा संघ नदीपलीकडचा. त्यांच्या मागच्या सामन्याची चित्रफीत आली आहे. आमच्या डावीकडे उभा राहणारा त्यांचा एंड हुशार आहे. धाव उजवीकडे निघाली रे निघाली की तो मागून आत कापतो आणि टेलबॅकला पाठीमागून धरतो. दर वेळी. आमच्या विंगबॅकला त्या रिकाम्या झालेल्या जागेतून उलटं न्यायचं असेल, तर फुलबॅकच्या गिरकीत चेंडू अर्धा सेकंद जास्त लपायला हवा, आणि त्या एंडला आतच अडकवायला एक माणूस हवा, जो आजवर कधी डावीकडे वळलेला नाही. सोमवारी साडेतीनला तेच, आधी पॅडशिवाय.